सी प्रोग्रॅममध्ये सिस्टिमची वेळ कशी घ्यायची, आणि ती साडेपाच तासांनी का चुकते

वेळेबद्दल प्रोग्रॅमला दोनच गोष्टी हव्या असतात. एक, आत्ता किती वाजले. दोन, अमुक काम व्हायला किती वेळ लागला. सीमध्ये या दोन्हींसाठी वेगळी फंक्शनं आहेत, आणि निम्मा गोंधळ एकाचं फंक्शन दुसऱ्याला लावल्याने होतो. उरलेला निम्मा खास आपल्याकडचा, साडेपाच तासांचा. म्हणून कोड लिहिण्याआधी आपल्याला यातलं नक्की काय हवंय ते ठरवून घ्या.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग, सगळी लहान अक्षरं, आणि दाखवला आहे तिथे अंडरस्कोर. नल, मॅक्रो आणि 'क्लॉक_रिअलटाइम' सारखी ठरलेली नावं मात्र मोठ्या अक्षरांत.)

आत्ता किती वाजले

'टाइम डॉट एच' आणि 'एसटीडीआयओ डॉट एच' ही दोन हेडर घ्या. मग क्रम असा:

1. 'टाइम_टी' प्रकारचा एक व्हेरिएबल घ्या. 'टाइम' फंक्शनला नल देऊन बोलवा आणि आलेली किंमत त्यात ठेवा. ती उणे 1 असेल तर वेळ मिळालेली नाही, तिथेच थांबा.
2. 'स्ट्रक्ट टीएम' प्रकारचा दुसरा व्हेरिएबल घ्या. 'लोकलटाइम_आर' ला पहिल्याचा पत्ता आधी आणि दुसऱ्याचा नंतर द्या. उत्तर नल आलं नाही ना, ते बघा.
3. 64 बाइटचा कॅरेक्टर अ‍ॅरे घ्या. 'एसटीआरएफटाइम' ला चार गोष्टी द्या: अ‍ॅरे, त्याचं साइझ, फॉरमॅटची स्ट्रिंग आणि 'स्ट्रक्ट टीएम' चा पत्ता.
4. 'एसटीआरएफटाइम' ने शून्य परत दिलं नसेल तरच तो अ‍ॅरे छापा.

एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. कंपाइल करताना जीसीसीला (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) 'एसटीडी बरोबर सी11' असा कडक पर्याय दिला असेल, तर 'लोकलटाइम_आर' सापडत नाही म्हणून तक्रार येईल. ते मुळात पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या नियमावलीचं) फंक्शन आहे. सीच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) ते सी23 या आवृत्तीत आलं, आणि कडक पर्याय दिला की हेडर पॉझिक्सची नावं लपवतं. उपाय दोन. 'सी11' ऐवजी 'जीएनयू11' लिहा, किंवा फाइलच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, अंडरस्कोरने सुरू होणारा 'पॉझिक्स_सी_सोर्स' हा मॅक्रो (मोठ्या अक्षरांत) 200809एल असा डिफाइन करा. इन्क्लूडच्या खाली लिहिला तर त्याचा उपयोग शून्य.

आकडा कसला असतो

लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हीकडे 'टाइम' जो आकडा देतं तो 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीप्रमाणे (जगाची समान वेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे), गेलेल्या सेकंदांचा असतो. या आकड्याला टाइमझोन नसतो. पुण्यात, दुबईत आणि न्यू जर्सीत एकाच क्षणी विचारलं तर एकच आकडा येतो. टाइमझोन लागतो तो पुढच्या पायरीत, 'लोकलटाइम' मध्ये.

तो छापायचा असेल तर 'लाँग लाँग' मध्ये कास्ट करून त्याच्याच फॉरमॅटने छापा. 'टाइम_टी' कुठे 32 बिटचा असतो, कुठे 64 चा. नुसत्या इंटच्या फॉरमॅटने छापलं की एका मशीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर भलतंच.

निदानासाठी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतीय वेळेवर चालणाऱ्या मशीनवर स्क्रीनवर '1 जानेवारी 1970, पहाटे 5:30:00' आलं, तर कुठेतरी वेळेच्या जागी शून्य गेलंय. बहुधा व्हेरिएबलला किंमतच दिलेली नाही, किंवा डेटाबेसमधला रकाना रिकामा आहे. आणि 5:29:59 दिसलं तर तो उणे 1 आहे, म्हणजे कुणीतरी एरर न तपासता तसाच पुढे ढकलला.

स्ट्रक्टच्या आत काय असतं

तपासणीसाठी चालू वेळ घेऊ नका, ठरलेला आकडा द्या. 1700000000 हा चांगला. यूटीसीप्रमाणे तो 14 नोव्हेंबर 2023, रात्रीचे 22:13:20. भारतीय वेळेने 15 नोव्हेंबर, पहाटे 3:43:20. तारीखही बदलते, त्यामुळे टाइमझोनची चूक लगेच उघडी पडते. 'लोकलटाइम_आर' मधून हा आकडा गेल्यावर आत असं दिसायला हवं: टीएम_इयर 123, टीएम_मॉन 10, टीएम_एमडे 15, टीएम_अवर 3, टीएम_मिन 43, टीएम_सेक 20, टीएम_डब्ल्यूडे 3, टीएम_वायडे 318.

म्हणजे वर्ष 1900 पासून मोजलेलं, त्यात 1900 मिळवा. महिना शून्यापासून, त्यात 1 मिळवा. तारीख मात्र 1 पासूनच. वार शून्य म्हणजे रविवार, म्हणून 3 हा बुधवार. सेकंद 60 पर्यंत जाऊ शकतात, लीप सेकंदासाठी ती जागा ठेवलेली आहे.

वर्षात 1900 मिळवायचं राहिलं तर 123 दिसतं आणि चूक डोळ्यात भरते. महिन्याची चूक जास्त वाईट. नोव्हेंबरच्या जागी ऑक्टोबर छापला जातो, दिसायला सगळं व्यवस्थित, आणि जानेवारीत महिना शून्य येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हे घटक स्वतः जोडून छापण्यापेक्षा 'एसटीआरएफटाइम' वापरावं. तो हे सगळं सांभाळतो. स्वतः छापायचंच असेल तर दोन आकडी, पुढे शून्य भरणारा फॉरमॅट वापरा. नाहीतर 3:05:09 हे 3:5:9 असं येतं.

'लोकलटाइम' की 'लोकलटाइम_आर'

बिनाशेपटीचं जुनं 'लोकलटाइम' लायब्ररीतल्याच एका जागेचा पॉइंटर परत देतं. प्रत्येक वेळी तीच जागा, आणि 'जीएमटाइम' सुद्धा बहुतेक ठिकाणी तीच वापरतं. त्यामुळे एका पॉइंटरमध्ये स्थानिक वेळ आणि दुसऱ्यात यूटीसी घेऊन मग दोन्ही छापल्या, तर दोन्हीकडे एकच वेळ दिसते. अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग) असतील तर ही चूक कधी होते, कधी होत नाही, आणि शोधायला अवघड जाते. नवीन कोडमध्ये 'लोकलटाइम_आर' आणि 'जीएमटाइम_आर' वापरा.

विंडोजच्या कंपायलरमध्ये 'लोकलटाइम_एस' असतं आणि त्यात पत्त्यांचा क्रम उलटा: आधी 'स्ट्रक्ट टीएम', मग 'टाइम_टी'. यशाचं उत्तरही पॉइंटर नसून शून्य. दोन्हीकडे चालणारा कोड हवा असेल तर 'इफडेफ' मध्ये गुंडाळून स्वतःचं एक छोटं फंक्शन करा.

'सीटाइम' आणि 'एएससीटाइम' ही कॉलेजच्या जर्नलमधली लाडकी फंक्शनं. एका ओळीत काम होतं, पण शेवटी नवी ओळ जोडून देतात (लॉग फाइलमध्ये प्रत्येक नोंद दोन ओळींत तुटते ती यामुळेच), फॉरमॅट बदलता येत नाही, आणि सी23 ने ती कालबाह्य ठरवली आहेत. सोडून द्या.

फॉरमॅटची स्ट्रिंग

प्रत्येक घटकाआधी टक्क्याचं चिन्ह. मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष, लहान एम महिना, लहान डी तारीख, मोठा एच 24 तासांचे तास, मोठा एम मिनिटं, मोठा एस सेकंद. लहान-मोठ्या एमची अदलाबदल ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक: 10:43 च्या जागी 10:11 येतं आणि तासभर तसंच राहतं. बारा तासांचं घड्याळ हवं तर मोठा आय, आणि सोबत लहान पी. पी विसरलात तर सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ सारखेच.

लॉगमध्ये शेवटी लहान झेड घाला, म्हणजे +0530 असं छापलं जातं. मोठा झेड 'आयएसटी' असं नाव देतो, पण तेच तीन अक्षरी नाव इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही वापरलं जातं, म्हणून त्यावर विसंबू नये. वेळ फाइलच्या नावात घालायची असेल तर मध्ये कोलन नको, विंडोज ते नाव घेत नाही. हायफन टाका.

वार आणि महिने मराठीत हवे असतील तर 'लोकेल डॉट एच' घेऊन 'सेटलोकेल' ला 'एलसी_टाइम' आणि मराठी-भारत-यूटीएफ8 चं लोकेलनाव (भाषा आणि देशाच्या सेटिंगचं नाव) द्या. उत्तर नल आलं तर ते लोकेल मशीनवर बसवलेलंच नाही, आणि नावं मुकाट इंग्रजीत येत राहतील. इथे अ‍ॅरेचं साइझ बघा. यूटीएफ8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, अनुस्वार धरून, 3 बाइट खातं. नुसतं 'मंगळवार' 21 बाइटचं होतं. इंग्रजीत पुरणारा 20 चा अ‍ॅरे इथे अपुरा पडतो, 'एसटीआरएफटाइम' शून्य परत देतं, आणि अ‍ॅरेत काय आहे याची काहीच खात्री राहत नाही. वार आणि महिना दोन्ही असतील तर 128 घ्या आणि निवांत राहा. आकडे मात्र साध्या डी आणि वायने 0 ते 9 असेच येतात. देवनागरी आकडे हवे असतील तर ते स्वतः बदलून घ्यावे लागतात.

साडेपाच तास कुठे जातात

घरच्या मशीनवर बरोबर, सर्व्हरवर साडेपाच तास मागे. कारण जवळजवळ नेहमी हेच: सर्व्हर किंवा कंटेनर (डॉकरसारख्या साधनात प्रोग्रॅम चालवायची बंदिस्त जागा) यूटीसीवर आहे. डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये तर 'टीझेडडेटा' हे टाइमझोनच्या फाइलींचं पॅकेजच नसतं, त्यामुळे टाइमझोन सेट केला तरी त्याची फाइल सापडत नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे 'टाइम' च्या आकड्यात 19800 सेकंद मिळवणं. करू नका. उद्या तोच प्रोग्रॅम भारतीय वेळेच्या मशीनवर चालला की अकरा वाजता साडेचार दाखवेल, आणि लॉगमधला झेड खोटं बोलत राहील. त्यातही 'इंट' मध्ये 5.5 ठेवून 3600 ने गुणणारे असतात. सी मुकाट्याने अर्धा तास टाकून देतं आणि वेळ बरोबर 30 मिनिटं मागे येते.

बरोबर उपाय: मोठ्या अक्षरांतला 'टीझेड' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'आशिया/कोलकाता' (रोमनमध्ये, मधल्या तिरप्या रेघेसह) असा ठेवा. बाहेरून, किंवा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सेटएन्व्ह' ने. प्रोग्रॅममधून बदललात तर लगेच 'टीझेडसेट' बोलवा. 'लोकलटाइम' ते आपणहून करतं, 'लोकलटाइम_आर' ने ते केलंच पाहिजे असा पॉझिक्सचा नियम नाही. थ्रेड सुरू झाल्यावर हा व्हेरिएबल बदलू नका.

'आशिया/मुंबई' असा टाइमझोन नाही. आणि गंमत म्हणजे नाव चुकलं तरी लिनक्सची जीलिबसी (तिथली सीची लायब्ररी) काहीही एरर देत नाही, गुपचूप यूटीसी धरते. मोठा झेड छापून बघितला तर झोनच्या जागी नुसतं 'आशिया' दिसतं. ते दिसलं की समजावं, नाव चुकलंय. एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होतीही. देशात 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी 'बॉम्बे टाइम' शहरात 1955 पर्यंत टिकून होता, ग्रीनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटं. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये मात्र सगळ्या भारताला कोलकात्याचीच एक नोंद.

टाइमझोनची फाइल ठेवायलाच जागा नसेल, एखाद्या लहान बोर्डवर वगैरे, तर 'टीझेड' मध्ये नियम थेट लिहिता येतो: आयएसटी, मग उणे चिन्ह, मग 5:30. हो, उणे. ग्रीनिचच्या पूर्वेला उणे, पश्चिमेला अधिक, असा पॉझिक्सचा उलटा रिवाज आहे. अधिक लिहिलंत तर घड्याळ पूर्ण 11 तास मागे जातं. 11 तासांची चूक दिसली की दुसरं काही शोधू नका.

भारतात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, म्हणून आपल्याकडे टीएम_आयएसडीएसटी (स्ट्रक्टमधला उन्हाळी वेळेचा घटक) कुणी बघत नाही. पण प्रोग्रॅम लंडन किंवा टोरंटोमध्ये चालणार असेल, तर 'एमकेटाइम' ला स्ट्रक्ट देताना त्यात उणे 1 भरा, म्हणजे उन्हाळी वेळ आहे की नाही ते लायब्ररी ठरवते. 'एमकेटाइम' तारखेचं गणितही करतं: टीएम_एमडे मध्ये 30 मिळवून बोलवा, महिना-वर्ष आपोआप जुळतं. फक्त ते दिलेली वेळ नेहमी स्थानिकच समजतं. यूटीसीची वेळ दिली की पुन्हा साडेपाच तास. तिथे 'टाइमजीएम' लागतं, जे लिनक्सवर पूर्वीपासून आहे आणि सीच्या प्रमाणात सी23 मध्ये आलं.

साठवताना आकडा किंवा यूटीसी साठवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा.

एवढं करूनही मशीनच चुकीची वेळ दाखवत असेल, तर टर्मिनलवर 'डेट' ला लहान यूचा पर्याय देऊन यूटीसी बघा. विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर असतील तर बोर्डावरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर ठेवतं आणि लिनक्स ते यूटीसी समजतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत साडेपाच तासांचा फरक राहतो. यात तुमच्या कोडचा दोष नाही.

मिलिसेकंद हवे असतील

'टाइम' ची मजल सेकंदापर्यंतच. त्याखाली जायचं तर 'क्लॉक_गेटटाइम' ला 'क्लॉक_रिअलटाइम' आणि 'स्ट्रक्ट टाइमस्पेक' चा पत्ता द्या. त्यात टीव्ही_सेक म्हणजे तेच 1970 पासूनचे सेकंद, ते 'लोकलटाइम_आर' ला देता येतात. टीव्ही_एनसेक म्हणजे नॅनोसेकंद; 10 लाखांनी भागले की मिलिसेकंद. छापताना तीन आकडी, पुढे शून्य भरून, नाहीतर 12 सेकंद 7 मिलिसेकंद हे 12.7 असं छापलं जातं.

सगळं मिलिसेकंदांत एकाच आकड्यात हवं असेल तर सेकंद आधी 64 बिटच्या प्रकारात कास्ट करा, मग 1000 ने गुणा. 64 बिटच्या विंडोजवरही 'लाँग' 32 बिटचाच असतो आणि गुणाकार ओसंडतो.

फक्त सीच्या प्रमाणातलं हवं असेल तर सी11 पासून 'टाइमस्पेक_गेट' आहे, त्याला 'टाइम_यूटीसी' द्या. जुन्या कोडमध्ये 'गेटटाइमऑफडे' दिसेल. चालतं, पण पॉझिक्सने 2008 मध्येच ते जुनाट ठरवलं, नव्याने लिहू नये. लिंक करताना 'क्लॉक_गेटटाइम' सापडत नाही असं आलं तर मशीनवरची जीलिबसी 2.17 च्या आधीची आहे. लिंकरला 'एलआरटी' चा पर्याय द्या.

किती वेळ लागला

इथे रिअलटाइम नको. इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली किंवा कुणी हाताने घड्याळ बदललं, तर तो मागेही जातो आणि काम उणे तीन सेकंदांत झालेलं दिसतं. 'क्लॉक_मोनोटॉनिक' घ्या, तो कधी मागे जात नाही. कामाआधी एकदा, नंतर एकदा, आणि वजाबाकी. नंतरचे नॅनोसेकंद आधीच्यापेक्षा कमी असतील तर सेकंदातून 1 हातचा घेऊन 100 कोटी मिळवा. ही किंमत 'लोकलटाइम' ला देऊ नका; लिनक्सवर ती मशीन सुरू झाल्यापासूनची असते, तारीख जानेवारी 1970 मधली येईल.

'क्लॉक' नावाचं फंक्शन वेगळंच. ते प्रोसेसरने तुमच्या प्रोग्रॅमवर घालवलेला वेळ सांगतं. दोन सेकंद 'स्लीप' करून मोजलंत तर लिनक्सवर जवळपास शून्य येतं, विंडोजवर मात्र दोन, कारण तिथे तेच फंक्शन भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मोजतं.

आणि पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर लावून, मोठ्या अक्षरांत लिहिले जाणारे 'डेट' आणि 'टाइम' हे मॅक्रो चालू वेळ देत नाहीत. ते फाइल कंपाइल झाली ती वेळ देतात आणि प्रोग्रॅम कितीही वेळा चालवला तरी तीच राहते.

टर्बो सी आणि जुनी मशीनं

टर्बो सीवर शिकलेल्यांचा 'डॉस डॉट एच' मधल्या 'गेटटाइम' आणि 'गेटडेट' वर हात बसलेला असतो. ती डॉससाठीची बोर्लंडची फंक्शनं, जीसीसीत ते हेडरच नाही. बदलताना एक जपा: 'गेटडेट' मध्ये महिना 1 पासून आणि वर्ष पूर्ण चार आकडी मिळायचं, 'स्ट्रक्ट टीएम' मध्ये तसं नाही. विंडोजच्या 'गेटलोकलटाइम' मध्येही (इथे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) महिना 1 पासूनच. तिथलं 'गेटसिस्टिमटाइम' यूटीसी देतं, नावावरून फसू नका.

32 बिटचा 'टाइम_टी' 2147483647 ला संपतो. तो क्षण भारतीय वेळेने 19 जानेवारी 2038, सकाळी 8:44:07. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होऊन तारीख डिसेंबर 1901 मध्ये जाते. आपल्याकडे काय आहे ते बघायला 'टाइम_टी' चं 'साइझऑफ' छापा; 8 आलं तर प्रश्न नाही. 4 आलं आणि मशीन 32 बिट लिनक्सचं असेल, तर जीलिबसी 2.34 पासून कंपाइल करताना अंडरस्कोरने सुरू होणारे दोन मॅक्रो, 'टाइम_बिट्स' आणि 'फाइल_ऑफसेट_बिट्स', दोन्ही 64 असे द्या. पहिला एकटा दिला तर कंपाइलच होत नाही. आणि 'टाइम_टी' बाहेर देणाऱ्या तुमच्या सगळ्या लायब्ररी त्याच दोन मॅक्रोंनी पुन्हा कंपाइल करा, कारण स्ट्रक्टचं साइझ बदललेलं असतं.